शेवटचं बरं कधी पाहिलं?

मामा माणसाची चौकशी नावापासून सुरू करत नसत. नाव, गाव, कुठले तुम्ही, हे सगळं नंतर. स्ट्रेचरची चाकं फिरायला लागली की शेजारून धावणाऱ्या नातेवाइकाकडे न बघताच ते विचारत, "शेवटचं बरं कधी पाहिलं?" नातेवाईक गोंधळायचा. त्याला वाटायचं, काय झालं ते विचारतायत. मग तो सांगायला लागायचा, सकाळी चहा घेतला, मग डोकं जड झालं म्हणाले, मग बशी पडली. मामा त्याला मध्येच अडवत. काय झालं ते डॉक्टर बघतील, तुम्ही फक्त टाइम सांगा, असं त्यांचं म्हणणं असे.

हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. त्यामुळे त्या हॉस्पिटलात मामा पुष्कळ होते, पण टाइममामा एकच. बुटके, रुंद खांद्यांचे, सिन्नरकडच्या एका खेड्यातून तरुणपणी नाशकात आलेले आणि मग तातडीच्या विभागाच्या दारात तीसेक वर्षं स्ट्रेचर ढकललेले. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. दोन्ही हात स्ट्रेचरच्या दांडीवर असले की तबकडी आपोआप डोळ्यांसमोर येते, हे त्याचं कारण. मला हे कळेपर्यंत मी त्यांना जरा विक्षिप्तच समजत होते.

त्या प्रश्नाचं कारणही त्यांनीच मला पुढे समजावून सांगितलं, तेही माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा भाग उपाशी राहतो. ती गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यायचं. आणि हे तास पेशंट पडलेला सापडला तिथून मोजायचे नसतात, तो शेवटचा धड दिसला तिथून मोजायचे. डॉक्टर हा प्रश्न विचारत तेव्हा घरची माणसं आपसातच वाद घालत बसत. सून म्हणे नऊ, मुलगा म्हणे दहा. त्यात दहा मिनिटं जात. दारापासून स्कॅनच्या खोलीपर्यंत एक लांब बोळ होता. मामांनी ठरवून टाकलं की हा वाद बोळातच मिटवायचा, म्हणजे स्कॅनच्या दाराशी उत्तर तयार असतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांनी सुरू केल्यावर डॉक्टरही आत शिरताना आधी मामांच्या तोंडाकडे बघू लागले.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मी त्यांच्याशी खोटं बोलले म्हणून.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. सकाळी आठला हे दाढी करत होते, तर हातातला रेझर बेसिनमध्ये पडला. उचलायला गेले, उचलेना. जीभ जड झालीय असं काहीतरी म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी धावत आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलंय. त्यांच्या काकांचं गेलं होतं तेव्हा तेलानं उतरलं होतं म्हणे. झालं. आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, ह्यांना शाल गुंडाळली आणि लसूण घालून तिळाचं तेल कडवलं. मग त्या आणि मी आळीपाळीने ह्यांचा उजवा हात खांद्यापासून तळव्यापर्यंत चोळत बसलो. सव्वीस वर्षं मी काचेच्या नळ्या धुतल्या होत्या. बारीक नळीत काही अडकलं तर ती बाहेरून चोळून मोकळी होत नाही, एवढी अक्कल मला त्या सकाळी सुचली नाही.

साडेबाराला ह्यांची मान कलली तेव्हा आम्ही रिक्षा बोलावली. हॉस्पिटलच्या दाराशी एक वाजला होता. स्ट्रेचर निघाला आणि तो प्रश्न आला. मला एकदम लाज वाटली. शिकलेली बाई, शाळेत नोकरी करणारी, आणि पाच तास नवऱ्याला तेल चोळत बसली, हे मी कुणाला कसं सांगणार? मी म्हणाले, साडेअकरा.

मामा थांबले नाहीत, चाकं फिरतच होती. त्यांनी फक्त एक हात दांडीवरून काढला, ह्यांच्या दंडावरून बोटं फिरवली आणि नाकाशी नेली. मग तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "तेल पार मुरलंय, ताई. हे साडेअकराचं नाय."

मी ह्यांची शाल ओढून तो दंड झाकला.

"लाजेपायी टाइम बदलू नका. उशीर झाल्यावर तेच इंजेक्शन डोक्यात रक्त सांडतं. खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाय."

"आठ," मी म्हणाले.

त्यांनी मनगटाच्या आत बघितलं. साडेचार तास होऊन गेले होते हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं, तरी चाकांचा वेग त्यांनी कमी केला नाही. स्कॅनच्या दाराशी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की आठ वाजता ताईंनी स्वतः धड बघितलंय. माझं साडेअकरा त्यांनी बोळातच टाकून दिलं. ह्यांना ते इंजेक्शन मिळालं नाही. गोळ्या सुरू झाल्या, रक्त पातळ राहायच्या, रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. आमच्या घरात तेव्हापासून लसणाची फोडणी होत नाही.

वॉर्डात मामांचा दुसरा अवतार दिसला. बोळात घाई करणारा हा माणूस खाटेशी आला की अगदी सावकाश व्हायचा. पेशंटच्या तोंडात कुणी काही घालताना दिसलं की मात्र कुठूनही धावत येत. अशा आजारात घसा अर्धा झोपलेला असतो, पाणीसुद्धा वाट चुकून छातीत उतरतं. पण आपले लोक भेटायला येणार ते त्र्यंबकेश्वरचं तीर्थ घेऊन येणार, आणि तीर्थ द्यायचं म्हणजे तोंडातच द्यायचं. माझ्या धाकट्या दिरांनी बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा मामांनी त्यांचा हात अलगद धरला आणि म्हणाले, "कपाळाला लावा. देवाला कपाळ पुरतं, घसा नाय लागत." दीर कुणाचं ऐकणाऱ्यांतले नव्हेत. पण त्यांनी ह्यांच्या कपाळाला तीर्थ लावलं.

आम्ही घरी आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात मामा दारात हजर. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले होते. म्हणाले, इकडून चाललो होतो. द्वारका चौकाजवळच्या खोलीत राहणारा माणूस पंचवटीतल्या आमच्या जिन्यावरून कुठे चालला होता, हे मी विचारलं नाही. त्यांनी मला ह्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं, उशा कुठे लावायच्या ते दाखवलं, घास भरवताना पाठ सरळ आणि हनुवटी खाली ठेवायची ते दाखवलं. पहिल्या दिवशी मी ह्यांना उठवायला उजवा हात धरून ओढलं, तर मामांनी डोळेच मिटून घेतले. लुळ्या हाताचा खांदा ओढला तर निखळतो. त्यांनी त्या हाताला नाव दिलं, जावईबापू. "जावयाला कुणी हाताला धरून ओढतं का? त्याला उशीवर बसवायचा, दोन्ही हातानं उचलायचा, आन् कामाला लावायचं तर गोडीनं." हे ऐकून आमचे हे हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसू, अर्ध्याच तोंडाचं. आमच्याकडे अजून तो हात जावईबापूच आहे. सकाळी मी विचारते, जावई उठले का?

मालेगावकडच्या नणंदबाईंना हे काही पटत नव्हतं. त्यांच्या माहितीत लकव्याचं औषध देणारा एक माणूस होता, ठरावीक वारीच द्यायचा. तो दंडाला दोरा बांधी, झाडपाल्याचा काढा देई आणि पथ्य एकच सांगे, इंग्रजी गोळ्या बंद. मी इतकी थकले होते की मला वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. मामांना विचारलं तर ते रागवतील अशी माझी कल्पना. ते म्हणाले, जाऊन या, साहेबांना बाहेरची हवा लागेल, पण गोळी एकसुद्धा चुकवायची नाही, ती चुकली की दुसरा झटका वाट बघत असतो. आम्ही गेलो, दोरा बांधून आलो, काढा मी मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी मामांनी तो दोरा ह्यांच्या दंडावरून सोडवला आणि गोळ्यांच्या डबीला गुंडाळला. आता दोरा दिसला की गोळी आठवेल, म्हणाले. नणंदबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

माझ्याबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे चित्र अर्धं राहील. आजारी माणसाची सेवा हा शब्द ऐकायला फार छान वाटतो. प्रत्यक्षात ते एकच काम असतं आणि ते रोज पहिल्यापासून करावं लागतं. दोन वर्षांनी मी शाळा सोडली. तिसऱ्या वर्षी एकदा ह्यांनी मी भरवलेली पेज तिसऱ्यांदा अंगावर सांडली आणि मी वाटी आपटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मामा तिथेच होते. मी त्यांना म्हणाले की त्याच दिवशी हे गेले असते तर बरं झालं असतं. हे शब्द माझ्याच तोंडून निघाले याची मला अजून खात्री पटत नाही. मामांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधला. डबा उघडत म्हणाले, "सगळेच म्हणतात, ताई. तुम्ही मोठ्यानं म्हणाल्या येवढंच." मग त्यांनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि पट्टा माझ्या दंडाला बांधला. ह्या घरात पेशंट दोन आहेत, असं ते नेहमी म्हणत. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पाठवलं आणि माझीही एक गोळी सुरू झाली.

ह्यांचं बोलणं परत आणायची युक्तीही त्यांचीच. हे काही म्हणायला जायचे आणि शब्द सापडला नाही की डोळ्यांत पाणी यायचं. स्पीचवाल्या बाईंनी सांगितलं होतं की पाठ झालेलं असतं ते कधी कधी शाबूत राहतं, आकडे, वार, आरती. आमचे हे पडले नास्तिक, आरती कधी पूर्ण म्हटलेली नाही. आकड्यांतही सातच्या पुढे गाडी जाईना. मामांनी एकदा सहज विचारलं, साहेब कामावर कसे जायचे? मी म्हटलं, बसने, पस्तीस वर्षं, निमाणीच्या स्टँडवरून. मामा ह्यांच्यासमोर बसले आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "निमाणी." ह्यांनी मान वर केली. ओठ हलले. आणि एकदम, स्वच्छ, "पंचवटी कारंजा." मामा म्हणाले, "मालेगाव स्टँड." हे म्हणाले, "रविवार कारंजा." असं करत करत दोघं सातपूरला पोचले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

पुढे त्यांचं येणं कमी झालं, गुडघे धरले होते. त्याऐवजी रोज सकाळी साडेसातला फोन यायचा. ह्याला ते राउंड म्हणत. अशी आठ-दहा घरं त्यांनी धरून ठेवली होती, नाशिकरोडपासून मखमलाबादपर्यंत. आमचा राउंड तीन मिनिटांचा. एक थांबा मामांनी म्हणायचा, पुढचा ह्यांनी, सातपूरपर्यंत. जीभ अडखळते का, शब्द हरवतो का, हे त्यांना त्यातून कळे. शेवटी मला एक सूचना ठरलेली. काही वेगळं वाटलं तर आधी घड्याळ बघायचं, मग पेशंट. ही सूचना ह्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की फोन संपला की हे आपणहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करायचे.

मामा फोन करत ते कवळी बसवायच्या आधी. सकाळी उठून चहा व्हायचा, मग राउंड, आणि राउंड आटोपल्यावर कवळी, असा त्यांचा क्रम. त्यामुळे फोनवर त्यांचं बोलणं नेहमीच थोडं बोळकं यायचं. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. चार वर्षं ऐकून आमच्या कानाला ते इतकं सवयीचं झालं होतं की तो त्यांचा आवाजच वाटे.

आता गेल्या पावसाळ्यानंतरची ती सकाळ. साडेसातला फोन वाजला. मामा म्हणाले, निमाणी. शब्द जास्तच मऊ, चिखलातून पाय ओढल्यासारखा. हे म्हणाले, पंचवटी कारंजा. मग मामांचा थांबा येईना. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला आणि मग काहीतरी घरंगळल्यासारखं आलं. मी फोन हातात घेतला आणि हसत म्हणाले, मामा, आज कवळी बसवूनच बोला बाई. पलीकडून हं असा आवाज आला आणि फोन बंद झाला.

हे घड्याळाकडे बोट करत होते. ते रोजच करतात. पण आज बोट खाली येईना, आणि डाव्या हाताने ते खुर्चीचा दांडा बडवायला लागले. मला वाटलं, संडासला जायचंय. नेलं. मग वाटलं, भूक लागलीय. पेज दिली, तोंड फिरवलं. अंघोळ घालताना ते फोनच्या दिशेने मान वळवत राहिले आणि मी वैतागून म्हणाले, काय लावलंय सकाळपासून. त्यांना कळलं होतं. ज्या माणसाला शब्द सापडत नाही त्याला दुसऱ्याचा शब्द हरवलेला ऐकू आला होता, आणि मी, दोन कान शाबूत असलेली, कवळी म्हणून हसून मोकळी झाले होते.

साडेनऊला त्यांची मान फोनकडेच वळतेय हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मामांच्या खोलीखाली एक शिंपी आहेत, त्यांना फोन करून वर जायला सांगितलं. खालच्या वहिनींना ह्यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षा करून निघाले. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा मी मनात थांबे म्हणत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. खोलीत मामा जमिनीवर, पाठ खाटेला टेकलेली, डावा हात कुणी दुसऱ्याचाच आणून ठेवावा तसा बाजूला पडलेला. फोन मांडीवर. शिंप्याची बायको वाटीत गरम तेल घेऊन जिना चढत होती. मी ती वाटी तिच्या हातातून घेतली आणि बाहेर कठड्यावर ठेवली. बिचारी घाबरून बघत राहिली.

अकराला दहा मिनिटं असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. तेच दार, तोच बोळ. स्ट्रेचर ढकलणारा नवा माणूस काही विचारत नव्हता. शेजारून चालणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंटला शेवटचं नॉर्मल कधी बघितलं. मी म्हणाले, सकाळी साडेसातला माझ्याशी फोनवर बोलले. बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. साडेसात म्हणजे अजून तासभर हातात होता. चालता चालताच त्या कुणाला तरी इंजेक्शन तयार ठेवायला सांगू लागल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बोलले म्हणजे नीट बोलले ना?"

मामा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती, पण डोळे शुद्धीवर होते. त्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही, आणि आलं असतं तरी मी खोटं सांगेन अशी भीती वाटते. हो, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. माझ्याशिवाय ती सकाळ कुणी ऐकली नव्हती. ऐकली होती ती ह्यांनी, आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "तेव्हाच जीभ जड होती. मला कवळी वाटली."

त्याच्या आधी कुणी पाहिलं, असं त्यांनी विचारलं. शिंपी बरोबर आले होते, ते म्हणाले, काल संध्याकाळी सातला दुकानावर बसून गेले, तेव्हा ठणठणीत होते. बाईंनी फोनवर हळूच सांगितलं, राहू दे. मामांच्या मागे मी त्या बोळातून चालत राहिले. तो बोळ आता मला फार आखूड वाटला.

तिसऱ्या दिवशी त्यांना थोडं बोलता येऊ लागलं. तोंडातल्या तोंडात, पण कान लावला तर कळायचं. मी खाटेशी बसले होते. त्यांचा डावा हात मी उशीवर ठेवला, दोन्ही हातांनी उचलून. त्यांनी विचारलं, "टाइम काय सांगितला?"

"खरा सांगितला, मामा."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तर डोळे न उघडताच म्हणाले, "तेल नाय ना लावलं?"

मी नाही म्हणाले. अर्ध्या तोंडाने ते हसले आणि मला रडू आवरेना. सात वर्षांत मी त्यांच्यासमोर रडले नव्हते.

त्यांच्या नाडीचे ठोके कधीपासूनच बेताल पडत होते, असं तिथे तपासणीत निघालं. त्यातूनच गुठळी सुटली होती. रक्त पातळ राहायची एक गोळी वेळेत सुरू झाली असती तर कदाचित टळलं असतं. आठ-दहा घरांचे रक्तदाब त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या दंडाला पट्टा कुणी बांधला नाही. मीही नाही. त्यांच्याकडून चहा करून घेतला, धीर घेतला, रोजची तीन मिनिटं घेतली, आणि मामा, तुमची तब्येत कशी आहे, हे विचारलं ते नुसतं बोलायची पद्धत म्हणून. अकराव्या दिवशी छातीत कफ भरला आणि मामा गेले.

पुढे एकदा त्या डॉक्टरीणबाई भेटल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, मी हो म्हटलं असतं तर? त्या म्हणाल्या, कदाचित हात वाचला असता, कदाचित तिथेच रक्तस्राव होऊन गेले असते, सांगता येत नाही. शिवाय सगळ्याच नातेवाइकांना त्या जे ठरलेलं सांगतात तेही सांगितलं, की तुम्ही योग्य तेच केलंत. मी मान हलवली. ह्या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर एकच माणूस देऊ शकला असता. त्यांनी बरं केलं म्हटलं होतं खरं, पण मामा मला बरं वाटावं म्हणून काय वाटेल ते म्हणाले असते. माझं साडेअकरा त्यांनी बोळातच टाकलं होतं, तसंच.

मामा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसातला हे फोनशेजारी खुर्चीत बसून होते. फोन वाजला नाही. मी पेज ढवळत होते. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "निमाणी." पुन्हा आला. मग जरा चिडून आला. मी गॅस बारीक केला, बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पंचवटी कारंजा."

आता आम्ही रोज जातो. मालेगाव स्टँड, रविवार कारंजा, सीबीएस, आयटीआय, सातपूर. कधी मला इतका कंटाळा येतो की मधले थांबे गाळावेसे वाटतात, पण हे गाळू देत नाहीत. सातपूर आलं की हे घड्याळाकडे बोट करतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी जाते आणि त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते, सात चौतीस, दोघं बरे.